चिबडातली अकरा झाडं

"खोटं बोलू नको, प्रेमे. म्या कवा म्हणलं तुला तोड म्हणून?"

"परवा म्हणलात. तिन्हीसांजंला. तुमी आंबिलीचं पीठ चाळत व्हता, म्या दारात उभी व्हते. इचारल्याबिगर हात लावला न्हाय म्या."

"घे आण."

"कुणाची घेऊ? तुमीच सांगा. लेकराची घेऊ का देवाची?"

"दोघीबी गप बसा गं," ओसरीवरून नागूबाई ओरडली. ती दोघींची सासू. दातांना मिश्री लावता लावता तिचं बोट तसंच तोंडात राहिलं होतं. "आजूबाजूची माणसं कामं टाकून ऐकायलीत."

शिवकन्या पायरीवर उभी होती. शेतातून तडक आलेली, घोट्यापर्यंत काळा चिखल, हातात तुरीची एक डहाळी. डहाळीला पानं होती, शेंग एकही नव्हती. जिथं शेंगा होत्या तिथं नुसती हिरवी देठं राहिली होती. धाकटी जाऊ प्रेमाबाई चुलीपुढं बसून येळवशीची उरलेली भज्जी गरम करत होती. ही भज्जी दोन-तीन दिवस पुरवून खायची, शिळी झाली की जास्तच चव लागते, असं या घरात सगळे म्हणत. आज ती पातेल्याच्या बुडाला लागत होती आणि कुणाचं लक्ष नव्हतं.

"वहिनी, अकरा झाडांच्या मूठभर शेंगा," प्रेमाबाईचा नवरा योगीराज उभ्यानंच चहा पीत म्हणाला. "त्याच्यापायी सकाळी सकाळी घर डोक्यावर घेतलंय तुमी."

"मूठभर कशाच्या? चांगल्या पाटीभर निघाल्या," प्रेमाबाई बोलून गेली, आणि मग तिनं जीभ चावली.

शिवकन्यानं डहाळी पायरीवर ठेवली. पाटीभर. म्हणजे एकही राहिली नाही. त्यातल्या किती आपण खाल्ल्या हे ती मनाशी जुळवायला लागली. काल दुपारी खोपीत तिच्या पानावर प्रेमाबाईनंच दोनदा वाढलं होतं. "खावा अक्का, दोन महिने झाले नीट जेवला न्हाईत," म्हणाली होती. आणि शिवकन्या जेवली होती. नवरा लिंबाजी गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली होती.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवशीला, या भागात माणसं घरात जेवत नाहीत. कडब्याची खोप घालून रानात जेवतात, आधी रानाला जेवू घालतात. पांढरे केलेले दगड मांडून पूजा होते, पिकावर आंबील शिंपतात, आणि हिरव्या दाण्यांची, बेसन लावलेली भज्जी होते. त्या भज्जीत आपल्या रानातलं हिरवं काहीतरी पडायलाच हवं. बाजारातला वाटाणा कितीही घाला, आपल्या बांधाच्या आतला चार दाण्यांचा तरी हिरवा घास पाहिजे, नाहीतर रान उपाशी राहिलं असं म्हणतात. लिंबाजी जाऊन दोनच महिने झाले होते, तरी यंदाची येळवस चुकवायची नाही असं नागूबाईनंच ठरवलं. "माणूस गेलं म्हणून रान उपाशी ठेवायचं न्हाय," ती म्हणाली होती. पोटचा थोरला पोरगा गेलेल्या बाईपुढं कोण बोलणार?

पण यंदा रानात हिरवं होतं काय? सप्टेंबरात पाऊस सुरू झाला तो थांबलाच नाही. सोयाबीनला उभ्या शेंगेत मोड आले. वरच्या रानातली तूर मर रोग लागून काळी पडली. हरभरा पेरायला वाफसाच आला नाही, माती पेरण्याजोगी सुकलीच नाही. सगळ्या पाच एकरांत हिरवं राहिलं ते खालच्या अंगाला, ओढ्याजवळच्या चिबडात. तुरीची अकरा झाडं.

चिबड म्हणजे या घराची जुनी कटकट. वीस गुंठ्यांचा खोलगट तुकडा, लिंबाजीच्या वाटणीला आलेला. चार थेंब पडले की तिथं पाणी धरून राहतं, खाली पाय घातला तर माती पाय सोडत नाही. शिवकन्याचं माहेर सोनारीचं, तिकडं पाण्याची वाट बघण्यातच जन्म जातो. लग्न होऊन जळकोटला आली तेव्हा जास्त पाण्यानंही पीक मरतं हे तिला खरं वाटेना. लिंबाजीनं तिला पहिल्याच पावसाळ्यात नेऊन दाखवलं. कालपर्यंत तरारलेली तूर तिसऱ्या दिवशी माना टाकून उभी. मुळं पाण्यात, आणि पानं तहानेनं वाळल्यासारखी.

"पाण्यात उभं राहून तहानेनं मरतंय बघ," तो म्हणाला होता. "मुळीला वारा मिळाला न्हाय तर ती पाणीबी पीत न्हाय."

एकोणीस वर्षांच्या नव्या नवरीला यात बघण्यासारखं काही वाटलं नाही. तिला भूक लागली होती.

त्यानंतर लिंबाजीनं दर वर्षी चिबडात तूरच पेरली. भाऊ म्हणायचा, गवत वाढू दे, म्हशी खातील. आई म्हणायची, पडीक टाक. तो ऐकायचा नाही. पाणी तुंबलं की गुडघाभर चिखलात वाकून एकेक खोड बघत फिरायचा. बहुतेक झाडं मरायची. एखादं राहायचं. जे राहायचं त्याच्या खोडाला, पाण्याच्या रेघेच्या जरा वर, पांढऱ्या बारीक मुळ्या फुटलेल्या असायच्या. लिंबाजी त्या झाडाला चिंधी बांधायचा, त्याच्या शेंगा वेगळ्या वाळवायचा आणि पुढच्या वर्षी तेच बी परत चिबडात टाकायचा. सव्वीस वर्षं. पारावरची माणसं म्हणायची, लिंबाजी तुरीला पोहायला शिकवतोय. हा म्हणायचा, "शिकवत न्हाय, कुणाला येतंय ते बघतोय."

चिंध्या तो शिवकन्याच्या जुन्या लुगड्यांच्या फाडायचा. यावरून दर वर्षी भांडण. "त्या चिबडाशीच लगीन लावायचं व्हतं की," ती म्हणायची. पुढं पुढं भांडायचंही सोडलं. तो बोलत राहायचा, कुठल्या झाडाला किती मुळ्या आल्या, कुठलं पाचव्या दिवसापर्यंत टिकलं. ही भाकरी थापता थापता "बरं" म्हणायची. ऐकायची नाही. बरं म्हणायला ऐकावं लागत नाही.

त्याचं ऐकायला माणूस मिळालं ते पोटचंच. हर्षाली. पोरगी परभणीला शेतकीच्या कॉलेजात गेली, पिकांच्या जनुकांचा अभ्यास करायला लागली, आणि दिवाळीला आली की बापलेक चिबडाच्या बांधावर बसून तास-तास बोलायचे. जेवायला हाक मारायला गेलेल्या शिवकन्याच्या कानावर थोडंफार पडायचं. मुळं बुडाली की झाडाच्या आतच एक वायू साठतो म्हणे. पाण्यातून त्याला बाहेर पडता येत नाही. तो साठला की झाडाला कळतं आपण बुडालो, आणि मग काही जनुकं जागी होतात. कुणी मुळीच्या आत हवेच्या पोकळ नळ्या करायला लावतं, कुणी खोडातून नव्या मुळ्या काढायला लावतं, कुणी आहे ती साखर पुरवून पुरवून वापरायला लावतं.

"म्हंजे सगळ्याच तुरीत हाय का हे?" लिंबाजीनं विचारलं होतं.

"बहुतेक सगळ्यात असतंय अण्णा. फरक एवढाच, कुणाची जनुकं वेळेवर जागी होतात आणि कुणाची सगळं कुजल्यावर."

"आपल्या घरासारखंच की मग. तुझी आजी चारला उठती अन् तुझा काका आठला."

दोघं इतकं हसले होते की शिवकन्याला राग आला होता. भाकरी गार होत होत्या.

यंदा चिबडात नऊ दिवस पाणी उभं राहिलं. सव्वीस वर्षांत इतकं कधी नव्हतं. लिंबाजीनं चर खणून पाणी ओढ्याला काढायचा प्रयत्न केला, पण ओढाच उलटा आत येत होता. तो दिवसदिवस पाण्यात उभा होता. घरातही दोन दिवस पाणी होतं. राखेत घालून ठेवलेलं जुन्या बियाण्याचं मडकं कोपऱ्यात बुडालं, आतल्या तुरीला मोड आले आणि वास सुटला. पाणी ओसरलं तेव्हा चिबडात अकरा झाडं उभी होती. लिंबाजीनं ती मोजली, चिंध्या बांधल्या, हर्षालीला फोन करून सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी तापानं आडवा झाला. उमरग्याच्या दवाखान्यात आठ दिवस. सातव्या दिवशी त्यानं शिवकन्याला जवळ बोलावलं. तिला वाटलं घरादाराचं काही सांगेल, पोरीच्या लग्नाचं सांगेल.

"अकरा हायत," तो म्हणाला. "फुलाला उशीर व्हईल त्यांना. शेंग झाडावरच वाळू दे. तवर कुणाला हात लावू देऊ नको."

"बरं," ती म्हणाली.

हे सगळं पायरीवर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "चिंध्या दिसल्या न्हाईत व्हय तुला?"

"दिसल्या की. मला वाटलं दिष्ट लागू नये म्हणून बांधल्यात." प्रेमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज खाली येत नव्हता. "रानभर हिंडले म्या. हिरवं पान न्हाय कुठं. म्हणलं भावजींचं रान, भावजींचीच तूर, त्यांच्या हातचा घास रानाच्या तोंडात पडंल. वाईट केलं का म्या? अन् इचारून केलं. तुमी म्हणलात आण, म्हणून आणल्या."

"पुन्हा तेच! लाज न्हाय वाटत?"

"बास झालं," योगीराजनं कप ठेवला. "तसंबी त्या झाडांचं काय व्हणार व्हतं? शनवारी मुरूम घेऊन ट्रॅक्टर यायलाय. चिबड भरून घ्यायचं, वरून काळी माती टाकायची, सगळ्या रानात एकसारखा ऊस. तेराव्यालाच ठरलं ना हे? तुमी तिथंच व्हता वहिनी. तुमी बरं म्हणलात."

शिवकन्या पायरी उतरून परत शेताच्या वाटेला लागली. मागून नागूबाई म्हणाली, "चहा तरी घे गं." तिनं ऐकलं नाही.

चिबडाच्या बांधावर बसून तिनं हर्षालीला फोन लावला. पोरगी पंधरा जानेवारीला येणार होती, वाळलेल्या शेंगा न्यायला. कापडाच्या अकरा पिशव्या शिवून ठेवल्या होत्या तिनं, एका झाडाची एक, वर नंबर घालून.

"शेंगा गेल्या," शिवकन्या म्हणाली. "सगळ्या. येळवशीच्या भज्जीत घातल्या."

फोन कट झाला असं वाटून तिनं तो कानापासून काढून बघितला.

"एकबी नाही?" हर्षालीनं विचारलं.

"न्हाय. बघितलं म्या, एकेक फांदी बघितली."

"पोरांनी कच्च्या खाल्ल्या असतील, कुठं पडल्या असतील..."

"पडल्या असत्या तरी कवळ्याच की बाई. त्या काय उगवत्यात?"

हर्षाली रडायला लागली. आवाज न करता. शिवकन्याला तिचा फक्त श्वास ऐकू येत होता. बाप गेला तेव्हा ही पोरगी रडली नव्हती. माणसांना चहा देत, पाव्हण्यांची अंथरुणं घालत फिरत होती. सगळे म्हणाले लई धीराची हाय.

"पानं आणू का तोडून?" शिवकन्यानं विचारलं. "तू मागं म्हणाली व्हतीस, पानातूनबी तुमाला सगळं कळतं."

"कळतं आई. पानातून डीएनए काढता येतो. कुठलं जनुक कसं आहे ते वाचता येतं. पण पानातून तूर उगवत नाही ना. आणि यंदा आजूबाजूला कुणाचीच तूर राहिली नव्हती. मधमाश्या दुसऱ्या रानातले परागकण आणणार नव्हत्या. इतकं स्वच्छ बी अण्णांना सव्वीस वर्षांत मिळालं नव्हतं. ते स्वतःच म्हणाले फोनवर." मग शिकवायला उभी राहिल्यासारखा तिचा आवाज बदलला. "आई, खोडाला नखानं खरवड जरा. आत काय रंग आहे?"

शिवकन्या उठली. पहिल्या झाडाचं खोड तिनं नखानं खरवडलं. बुडाशी, चिखलाच्या वर वीतभर, मुळ्यांचा झुपका होता, आता वाळून तपकिरी झालेला. सव्वीस वर्षं ज्याबद्दल ऐकलं, ते ती पहिल्यांदा हात लावून बघत होती. मुळ्या म्हाताऱ्याच्या दाढीसारख्या खरखरीत लागत होत्या.

"हिरवं हाय."

"सगळ्यांना बघ."

तिनं एकेक झाड बघितलं. नऊ हिरवी होती. दोन आतून तांबूस पडली होती.

"तूर खरं तर एका हंगामाचं झाड नाही," हर्षाली सांगू लागली. "आपण कापतो म्हणून मरतं. शेंगा कवळ्या असताना तोडल्या तर झाड कधी कधी दुसऱ्यांदा फुलतं. महिन्या-दीड महिन्यानं. पण ह्यांची खालची मुळं निम्मी कुजलेली आहेत. पुढं ऊन वाढलं तर वरच्यावर थोडं थोडं पाणी द्यावं लागेल, जास्त झालं तरी मरतील. मी खोटं नाही सांगत आई, निम्मी जातील. कदाचित सगळीच जातील."

"बरं," शिवकन्याच्या तोंडून गेलं. मग ती म्हणाली, "न्हाय, परत सांग. पाणी किती? कळशीनं घालू का तांब्यानं?"

हर्षालीनं परत सांगितलं. आठवड्याला झाडामागं एक कळशी, खोडापासून हातभर लांब. शिवकन्यानं ते मोठ्यानं म्हणून दाखवलं.

"पण काकूनं हात लावलाच कसा?" हर्षाली मग म्हणाली. "तिनं तुला विचारलं पण नाही?"

"न्हाय" हा शब्द शिवकन्याच्या ओठांवर आला होता. सकाळपासून तो तिनं इतक्यांदा म्हटला होता. पण पोरगी उत्तराची वाट बघत होती, समोर शेंगांविना नागडी झाडं होती, आणि परवाची तिन्हीसांज तिच्या डोळ्यांपुढं आली. ती पीठ चाळत होती. चाळता चाळता एकच विचार करत होती, की उद्या आंबिलीचं मडकं रानात कोण नेणार? ते लिंबाजीच्या डोक्यावर जायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. तो चुंबळ करायला तिच्याकडं कापड मागायचा, आणि ही म्हणायची, चिंध्या करायला सापडतंय तेव्हा नाही मागत. दारात कुणीतरी उभं होतं. कुणीतरी म्हणालं, अक्का, चिबडातल्या तुरीला तेवढ्या हिरव्या शेंगा हायत, आणू का? तिनं वर बघितलं नाही. चाळणीवर हात तसाच फिरत होता.

बरं, ती म्हणाली होती. आण.

"आई?"

"इचारलं व्हतं तिनं," शिवकन्या म्हणाली. "इचारलं व्हतं. म्याच बरं म्हणलं."

हर्षाली रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "उन्हात बसू नको आई. घरी जा," आणि तिनं फोन ठेवला.

शिवकन्या लगेच गेली नाही. चिबडाच्या मातीला अजून ओल होती, तिच्यात लिंबाजीच्या पायांचे खड्डे असतील का ते ती बघत राहिली. नव्हते. दोन महिन्यांत माती सपाट बसली होती, आणि तिच्यावरून ससा का काहीतरी गेल्याच्या बारीक खुणा तेवढ्या होत्या. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मग ती उठली, ओढ्याला पाय धुतले आणि घरी आली.

दुपारची जेवणं चालली होती. योगीराज आणि नागूबाई पाटावर, प्रेमाबाई तव्यापाशी. सकाळची करपलेली भज्जी कुणी टाकून दिली नव्हती. तिचं पातेलं झाकून कोपऱ्यात ठेवलं होतं. प्रेमाबाईनं मान वर न करता चौथं ताट घेतलं आणि त्यात भाकरी वाढली.

शिवकन्या बसली नाही.

"प्रेमा," ती म्हणाली, "तू इचारलं व्हतंस. म्या आण म्हणलं व्हतं. माझ्या ध्यानात न्हाय राहिलं."

तव्यावरची भाकरी प्रेमाबाईनं उलटली नाही. धूर निघाला तेव्हा नागूबाईच म्हणाली, "अगं भाकर."

"जाऊ द्या अक्का," प्रेमाबाई पुटपुटली आणि पदरानं नाक पुसलं. "बसा. कोरड्यास गार व्हईल."

"हेच सकाळी म्हणला असता तर," योगीराज म्हणाला, पण त्यात राग नव्हता. सुटल्यासारखा तो घास तोडायला लागला. "चला, झालं गेलं. शनवारी मुरूम पडला की त्या चिबडाची कटकटच सरली. ट्रॅक्टरवाल्याला आज परत फोन करतो."

"कर," शिवकन्या म्हणाली. "येऊ नको म्हणून सांग त्याला. आमच्या वाटणीत मुरूम पडायचा न्हाय, ऊसबी लागायचा न्हाय. चिबड हाय तसं राहील, झाडं उभी राहतील. अन् ऊन वाढलं की तिथं पाणी घालायला म्या जाणार."